पाळी अनियमित झाली म्हणून गर्भाशय काढावे का?

तासगाव तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ४५ आहे, दोन मुले आहेत आणि दोन्ही वेळा सिझेरियन झाले आहे. गेले वर्षभर पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येते, आणि आली की नऊ-दहा दिवस गाठींसह अंगावरून जाते. हिमोग्लोबिन ८.६ आहे. सोनोग्राफीच्या अहवालात गर्भाशय किंचित मोठे, त्याच्या भिंतीत अडीच सेंटिमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे स्नायूची, कर्करोगाची नसलेली गाठ आणि अस्तराची जाडी १४ मिलिमीटर, असे लिहिले आहे. एका डॉक्टरांनी दोन्ही अंडाशयांसह गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. द्राक्षाचा माल उतरला आणि एप्रिलची खरड छाटणी उरकली की ऑपरेशन करून मोकळे व्हावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. ताईंनी विचारले आहे की ऑपरेशन करावे की पाळी जाण्याची वाट पाहावी, आणि वाट पाहिली तर कॅन्सर होईल का.

मी सांगली-मिरज भागात अनेक वर्षे स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियाही नियमितपणे करते, त्यामुळे शस्त्रक्रियेला माझा विरोध असण्याचे काही कारण नाही. मात्र न तपासता ताईंचे निदान करणे मला शक्य नाही आणि तसा आव आणणेही योग्य होणार नाही. अशी माहिती घेऊन कोणी बाह्यरुग्ण विभागात समोर बसले, तर मी कोणत्या क्रमाने विचार करते, तेवढे येथे लिहिते.

ताई, तुमच्या तक्रारीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पाळी मागेपुढे होणे ही एक गोष्ट, आणि रक्तस्राव जास्त होणे ही दुसरी. दोन पाळ्यांमध्ये २४ ते ३८ दिवसांचे अंतर आणि आठ दिवसांपर्यंत रक्तस्राव हे सर्वसाधारणपणे स्वाभाविक मानले जाते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास कायमची थांबते आणि त्याआधीची काही वर्षे ती अनियमित होतेच. म्हणजे ४५ व्या वर्षी पाळी दीड-दोन महिन्यांनी येऊ लागली, रक्तस्राव बेताचा राहिला, तर तो आजार नव्हे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा विचारही करायचा नसतो. तुमच्या बाबतीत काळजीचे आहे ते रक्ताचे प्रमाण. नऊ-दहा दिवस, गाठी आणि ८.६ हिमोग्लोबिन यांचा अर्थ शरीरात जेवढे रक्त तयार होते त्याहून अधिक बाहेर जात आहे. म्हणून वर्षानुवर्षे नुसती वाट पाहणे हा पर्याय मी तुमच्यापुढे ठेवणार नाही. त्याचबरोबर, वाट पाहायची नाही म्हणजे गर्भाशय काढायचेच, असेही होत नाही. या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही आहे, आणि तुमच्या प्रश्नात नेमका तोच भाग आलेला नाही.

या वयात असे का होते, ते आधी पाहू. दर महिन्याला अंडाशयातून बीज बाहेर पडते, तेव्हा इस्ट्रोजेनने वाढवलेल्या अस्तराला प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक मिळते आणि ते अस्तर ठरलेल्या वेळी एकदम गळून पडते, तीच पाळी. चाळिशीच्या उत्तरार्धात काही महिने बीज बाहेर पडतच नाही. मग इस्ट्रोजेन मिळत राहते, प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, आणि खत-पाणी चालू असून छाटणी चुकलेल्या वेलीसारखे ते अस्तर नुसते माजत जाते. पाळी लांबते, आणि नंतर ते वाढलेले अस्तर तुकड्या-तुकड्यांनी, अनेक दिवस, भरपूर रक्तासह पडते. दोन महिने काही नाही आणि मग दहा दिवस थांबत नाही, हे तुमचे वर्णन या प्रकाराशी चांगले जुळते. पण जुळते म्हणजे सिद्ध झाले असे नाही. असाच रक्तस्राव अस्तरातील मोडामुळे, म्हणजे पॉलिपमुळे होऊ शकतो. अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरल्याने, म्हणजे अॅडेनोमायोसिसने होऊ शकतो. फायब्रॉइडने, थायरॉइडच्या विकाराने, रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी आणि क्वचित कर्करोगानेही होऊ शकतो.

आणखी एक कारण आपल्याकडे हमखास विचारावे लागते. सण, लग्नकार्य किंवा यात्रेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणल्या जातात, कधी वर्षातून तीन-चार वेळा. त्या थांबवल्या की जोरात रक्तस्राव होतो आणि पुढचे चक्रही विसकटते. स्वतःहून हे क्वचितच कोणी सांगते. तुम्ही अशा गोळ्या घेतल्या असतील तर तपासणीच्या वेळी त्या आवर्जून सांगा.

आता तुमची सोनोग्राफी. या अहवालातील तीन ओळींनी घरातील सगळ्यांना घाबरवले असावे, म्हणून त्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. गर्भाशय किंचित मोठे असणे हे दोन बाळंतपणे झालेल्या स्त्रीत नेहमी आढळते. तेवढ्यावरून काही ठरत नाही. फायब्रॉइडच्या बाबतीत तिच्या आकाराइतकीच तिची जागा महत्त्वाची असते. एक सेंटिमीटरची गाठ गर्भाशयाच्या पोकळीत डोकावत असेल तर ती खूप रक्तस्राव घडवते, आणि पाच सेंटिमीटरची गाठ बाहेरच्या बाजूला असेल तर आयुष्यभर कळतही नाही. तुमची गाठ अडीच सेंटिमीटरची आणि भिंतीत आहे. ती पोकळीला टेकलेली नसेल तर या सगळ्या प्रकारात बहुधा तिचा दोष नाही, आणि पाळी गेल्यावर अशा गाठी साधारणपणे आक्रसतात. तेव्हा सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा की गाठ पोकळीत येते आहे का. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ते अधिक स्पष्ट दिसते.

राहिली अस्तराची जाडी. पाळी चालू असलेल्या स्त्रीत ती महिनाभर बदलत असते. पाळी संपता संपता अस्तर पातळ असते आणि पुढची पाळी जवळ आली की ते १४-१५ मिलिमीटरही होते. त्यामुळे सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली, हे कळल्याशिवाय तुमच्या १४ या आकड्याला फारसा अर्थ नाही. चार मिलिमीटरहून जाड अस्तर संशयास्पद, हा जो निकष तुम्ही कुठे वाचला असेल, तो पाळी कायमची थांबलेल्या आणि नंतर पुन्हा रक्तस्राव झालेल्या स्त्रियांसाठी आहे. तो तुम्हाला लागू नाही.

जाडी काहीही असली, तरी वयाची ४५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि असा रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीच्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय मी शस्त्रक्रियेची तारीख देत नाही. तुमच्या पत्रात बायोप्सीचा उल्लेखच नाही, आणि सगळ्यात मोठी उणीव मला तीच वाटते. बारीक नळीने अस्तराचा नमुना घेण्याचे काम बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते. कळ येते, पण बहुतेकींना भूल लागत नाही. पॉलिपची शंका असेल किंवा नमुना पुरेसा आला नसेल, तर गर्भाशयात दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहावे लागते, आणि पॉलिप सापडला तर तो त्याच वेळी काढता येतो. याच भेटीत गर्भाशयमुखाची पॅप (पेशींची) किंवा एचपीव्ही (त्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची) तपासणीही करून घ्यावी, कारण भारतीय स्त्रियांत गर्भाशयाच्या पोकळीपेक्षा गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक आढळतो आणि तो वेळेवर केलेल्या तपासणीने टाळता येतो. थायरॉइड आणि रक्तशर्करा पाहावी. मधुमेह किंवा बरेच जास्त वजन असेल तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून मग मी बायोप्सीला एक आठवडाही उशीर करत नाही. गरोदरपणाची चाचणी सांगितली की पंचेचाळिशीतल्या स्त्रिया हसतात, पण तीही करावी.

बायोप्सीच्या अहवालावर पुढचा रस्ता ठरतो, आणि तुमच्या कॅन्सरच्या प्रश्नाचे खरे उत्तरही तेथेच आहे. अस्तर साधे निघाले, तर कर्करोगाच्या भीतीने गर्भाशय काढण्याचे कारण उरत नाही. अस्तराची वाढ झाली आहे पण पेशींचे स्वरूप बिघडलेले नाही, असा अहवाल आला, तर वीस वर्षांत त्याचे कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते आणि प्रोजेस्टेरॉनच्या उपचाराने बहुतेकींचे अस्तर पूर्ववत होते. मात्र सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी चुकवायची नसते. पेशींचे स्वरूप बिघडलेले आढळले, तर तुमच्या वयात गर्भाशय काढणे हाच योग्य सल्ला आहे आणि त्यात चालढकल करू नये. प्रत्यक्ष कर्करोग निघाला, तर शस्त्रक्रिया कर्करोगतज्ज्ञांकडेच व्हायला हवी, कारण ती नेहमीच्या शस्त्रक्रियेहून वेगळी असते.

पहिले दोन अहवाल आले असे धरून पुढचे लिहिते, कारण बहुतेक वेळा तसेच होते.

सर्वांत आधी रक्त भरून काढायचे. शस्त्रक्रिया होवो वा न होवो, ८.६ हिमोग्लोबिनवर राहणे योग्य नाही; दम लागणे, पायांत गोळे येणे, छातीत धडधडणे हे सारे त्यातूनच येते. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. गोळी सोसत नसेल किंवा रक्तस्राव थांबतच नसेल, तर शिरेतून लोह देता येते आणि काही आठवड्यांत फरक दिसतो. रक्ताची पिशवी चढवून दुसऱ्याच दिवशी नियोजित शस्त्रक्रिया करण्याची घाई मला पटत नाही. आणीबाणी नसताना आधी लोहाने हिमोग्लोबिन वाढवून मग शस्त्रक्रिया करणे अधिक सुरक्षित असते.

रक्तस्राव कमी करण्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या फक्त जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत घेतात; त्यांनी रक्त साधारण निम्म्यापर्यंत कमी होते, पण पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रीला त्या चालत नाहीत. प्रोजेस्टेरॉन गटातील गोळ्यांनी चक्र काही महिने रुळावर आणता येते. ऑर्मेलॉक्सिफेन हे लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले औषधही आपल्याकडे यासाठी वापरले जाते. ते संप्रेरक नाही, आठवड्यातून एक-दोनदाच घ्यायचे असते आणि स्वस्त आहे. अंडाशयात गाठ किंवा यकृताचा त्रास असेल तर मात्र ते टाळतात.

माझ्या अनुभवात तुमच्यासारख्या परिस्थितीत सर्वाधिक उपयोगी पडते ते गर्भाशयात बसवायचे लेव्होनॉरजेस्ट्रेलचे साधन. ते दिसायला कॉपर टीसारखे असते आणि अस्तराला रोज अगदी थोडे संप्रेरक देत राहते. सहा महिने ते वर्षभरात रक्तस्राव सत्तर ते नव्वद टक्क्यांनी कमी होतो, काही जणींची पाळी जवळजवळ थांबते, आणि पाच वर्षे ते काम करते. तुमच्या वयाचा विचार करता तेवढ्यात पाळी स्वाभाविकपणे जाण्याची शक्यता चांगली आहे. पण सुरुवातीचे तीन ते सहा महिने थोडे थोडे डाग लागत राहतात, हे आधी सांगितले नाही तर स्त्रिया वैतागून दुसऱ्याच महिन्यात ते काढून मागतात. ते बसवण्यापूर्वी पोकळी फायब्रॉइडने वेडीवाकडी झालेली नाही, हे पाहावे लागते. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीला ते देत नाहीत. किंमत एकरकमी द्यावी लागते आणि ती अनेकींना जड वाटते, पण शस्त्रक्रिया, औषधे आणि त्यानंतरची बुडालेली मजुरी धरून हिशेब केला तर चित्र बदलते. अस्तर जाळून टाकण्याची पद्धतही आहे, मात्र दोन सिझेरियन झालेल्या गर्भाशयात जुन्या व्रणाची जागा पातळ असू शकते, म्हणून तुमच्यासाठी ती मी सहसा सुचवणार नाही.

मग शस्त्रक्रिया कधी? उपचार नीट घेऊनही रक्त जातच राहिले आणि हिमोग्लोबिन टिकेना. अॅडेनोमायोसिसमुळे दर पाळीला असह्य वेदना होतात. गाठी मोठ्या असून लघवीवर किंवा आतड्यावर दाब आणतात. किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास सोबत आहे, अशा वेळी गर्भाशय काढल्याने स्त्रीला खरोखर आराम मिळतो आणि मी तसे स्पष्ट सांगते. आणखी एक कारण पुस्तकात ठळकपणे नसते. जतच्या पूर्व भागातून एस.टी. बदलत येणाऱ्या बाईला दर दोन महिन्यांनी तपासायला येणे जमत नाही, आणि सगळे पर्याय समजून घेतल्यावर ती स्वतः म्हणते की मला हे एकदाच संपवायचे आहे. हे कारण मी वैद्यकीयदृष्ट्या गौण मानत नाही. मात्र ते तिचे स्वतःचे असले पाहिजे. सासूबाईंचे, नवऱ्याचे किंवा डॉक्टरांच्या सोयीचे नव्हे.

ही शस्त्रक्रिया नेहमीची असली तरी लहान नाही. तुमच्या दोन सिझेरियनमुळे मूत्राशय गर्भाशयाच्या खालच्या भागाला चिकटलेले असू शकते आणि ते वेगळे करताना त्याला इजा होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे योनीमार्गातून बिनटाक्याचे होईल, दुर्बिणीने होईल की पोट उघडावे लागेल, हे तपासूनच ठरते. ज्यांच्याकडे करणार, त्यांना सिझेरियन झालेल्या स्त्रियांत अशा शस्त्रक्रियेचा अनुभव आहे का, हे विचारायला संकोच करू नका. दुर्बिणीने केले तरी आतली जखम भरायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तोवर पाण्याची कळशी, क्रेट, खताचे पोते यांतले काही उचलायचे नसते. छाटणीनंतर लगेच शस्त्रक्रिया ठेवली आणि त्याच महिन्यात बागेतील विरळणीला माणूस कमी पडले, तर काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. तेवढ्या दिवसांची व्यवस्था घरच्यांनी आधी कबूल करावी.

अंडाशयांचा निर्णय मात्र वेगळा घ्यायचा असतो, आणि तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यातील याच भागाशी माझा सर्वांत जास्त मतभेद आहे. गर्भाशय काढायचे ठरले तरी, अंडाशय निरोगी असतील आणि घरात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाचा इतिहास नसेल, तर ४५ व्या वर्षी ते काढण्याचे कारण मला दिसत नाही. अंडाशय काढले की पाळी जाण्याचे सारे परिणाम एका रात्रीत येतात: अंगातून वाफा, झोप उडणे, योनीमार्गाचा कोरडेपणा, आणि पुढच्या काळात हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. ते काढावेच लागले तर पाळी जाण्याच्या स्वाभाविक वयापर्यंत, दुसरी अडचण नसल्यास, संप्रेरकांची औषधे घ्यायची असतात. हे आपल्याकडे फार कमी जणींना सांगितले जाते. गर्भनलिका काढण्याची गोष्ट निराळी. गर्भाशयासोबत त्या काढल्याने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो आणि संप्रेरकांना धक्का लागत नाही, म्हणून त्या मी काढते. अंडाशय ठेवले तरी काही जणींची पाळी जाण्याची लक्षणे दोन-तीन वर्षे लवकर येतात, हेही माहीत असावे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची कमी वयात गर्भाशये काढली गेल्याचे प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजले आणि शासनाने चौकशी समिती नेमली. त्या स्त्रिया दरवर्षी आपल्याच सांगली-साताऱ्याच्या फडांत उसाची मोळी उचलत असतात. पुढे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यांना लागू करण्यास सांगितले. तुम्हाला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांवर मी संशय घेत नाही. त्यांनी तपासले आहे, मी तपासलेले नाही. पण दुसरे मत घेणे हा तुमचा साधा हक्क आहे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तुमच्यापासून लांब नाही. पुढे उपचार खासगीत घेणार असाल तरी दुसऱ्या मतासाठी तेथे जाता येईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

घरच्यांनी सांगितलेला एप्रिलचा मुहूर्त तसा उपयोगाचा आहे. आता माल काढणीला आला आहे आणि हाताशी दोन-तीन महिने आहेत. या आठवड्या-दोन आठवड्यांत बायोप्सी व रक्ताच्या तपासण्या, आजपासून लोह, आणि अहवाल आल्यावर गोळ्या किंवा गर्भाशयातील साधन, एवढे या काळात सहज बसते. एप्रिलमध्ये हिमोग्लोबिन अकराच्या आसपास आणि रक्तस्राव बेताचा असेल, तर शस्त्रक्रियेची चर्चा पुढे ढकलता येईल. नसेल, तर तुम्ही शस्त्रक्रियेसाठी आजच्यापेक्षा चांगल्या प्रकृतीने तयार असाल. फक्त पॅड तासाभरात भिजत असेल आणि तसे सलग दोन-तीन तास चालले, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर काढणी कितीही भरात असली तरी थांबू नका. पहिल्या दोन लक्षणांत त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तिसऱ्यात त्याच आठवड्यात तपासून घ्या.